बंद खोलीतली उघडी गाडी

११ मे २०२५

कंपनीच्या टूलरूममध्ये शिफ्ट संपली की दिवसभराचं काम वहीत लिहावं लागतं. इतक्या वर्षांची सवय. पण ती वही साहेब वाचतो, त्यामुळे तिच्यात कुणाचीच चूक कधी नसते. आता घरचा धंदा सुरू करतोय तर त्याचं वेगळं लिहावं आणि खरं लिहावं, म्हणून ही डायरी आणली. बायको, मंजू, म्हणाली, "खरं लिवणार आसाल तर कुलपात ठेवा."

आज गाडी पूर्ण झाली. दीड आगपेटीएवढी लांब, पण सगळा हिवाळा खाल्ला तिनं. पितळ आणि प्लॅस्टिक कापून हातानं केलेली. पोलंडमध्ये टोमाश नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यासाठी. मी दौलताबादच्या मेंढा तोफेची वीतभर प्रतिकृती करून तिचा फोटो नेटवर टाकला होता, तो त्यांनी पाहिला. टेबलावर युद्ध खेळणारी मंडळी आहेत ही. चांगले टक्कल पडलेले बाप्ये, टेबलावर डोंगर-नद्या मांडतात, फासे टाकतात आणि पट्टीनं मोजून रणगाडे सरकवतात. आई म्हणाली, "रिकामटेकडे मेले. त्यांच्या बायका काय म्हणत आसतील?"

गाडी जर्मनांची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. हलकी चिलखती टेहळणी गाडी. साध्या मोटारीच्या सांगाड्यावर पातळ पत्रा, वर छप्पर नाही, आत दोघंच, एक चालवणारा आणि एक मशिनगनवाला. त्यांचेच शिपाई तिला आंघोळीचा टब म्हणायचे. तिनं लढायचं नसतं. पुढं जायचं, शत्रू कुठं बसलाय ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं. नंतरच्या दणकट गाड्या सगळेच विकतात, ही दुबळी कुणी नीट करत नाही, असं टोमाश लिहितात. त्यांना हिच्याच बऱ्याच प्रती हव्यात, तिकडं नोव्हेंबरात खेळणाऱ्यांचा मेळा भरतो त्यासाठी.

मंजूनं गाडी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत बसली. "अहो, ह्यांच्या डोक्यावर कायच नाय. पाऊस आला तर?"

"पावसाचं सोड, गोळी आली तर?"

"मग छप्पर करा की."

"खरी गाडी अशीच होती."

"मग खऱ्या गाडीचं बी चुकलंच." एवढं बोलून तिनं आतल्या दोघांना नावंही ठेवून टाकली. चालवणारा मोतीराम, बंदूकवाला साहेबराव. तिच्या माहेरच्या गावातले हे दोघं बांधावरून भांडलेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. आता बसले एका टबात. मी पोट धरून हसलो. आमच्या लेकीला, संस्कृतीला, काही कळलं नाही, पण आई-बाप हसताहेत म्हणून तीही हसली.

३ जून

गच्चीवरची खोली रिकामी केली. आईचे कुरडया-पापडाचे डबे खाली आणले. आईच्या गुडघ्यांनी वर चढणं कधीच सोडलंय, त्यामुळे डबे खाली आले हे तिच्या पथ्यावरच पडलं, तरी कुरकुर केलीच.

काम तसं सोपं आहे. मूळ गाडीवरून रबराचा साचा करायचा. रेझिनचे दोन डबे असतात, दोन्हींतलं समसमान घेऊन ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. ते गरम होतं आणि बघता बघता दगडासारखं घट्ट होतं. साचा उलगडला की गाडी बाहेर. मग कडेला आलेला पापुद्रा कापायचा आणि पॉलिश पेपरनं घासायचं. बुडबुडा राहता कामा नये, एवढंच. मशिनगनच्या नळीत बुडबुडा आला की नळी मोडलीच.

माझ्या हातून दहातल्या तीन गाड्या फुकट जायच्या. मंजूनं दोन दिवस बघितलं, मग माझ्या हातातला पेला काढून घेतला. ती धार इतकी बारीक सोडते की बुडबुडा यायची हिंमत करत नाही. म्हणाली, कुरडईचा चीक हलवताना गाठ होऊ देत नाही मी, हे काय जड आहे. मी कंपनीत असतो तेव्हा दुपारभर ती वर बसते. टोमाशना फोटो पाठवले. त्यांनी उलट लिहिलं, हे ओतणाऱ्याचा हात फार सुंदर आहे. मी कळवलं की माझी बायको आहे, मंजुषा. ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं पदराला हात पुसत पुसत तीनदा विचारलं, "माझं नाव लिवलंय? इंग्रजीत?" लग्नाला नऊ वर्षं झाली, इतकी खूश झालेली मी तिला पाहिली नव्हती.

२२ जून

पावसानं घात केला. रेझिनला दमट हवा चालत नाही. ओतल्याबरोबर ते फसफसतं, इनो टाकल्यासारखं, आणि गाडीची पावरोटी होते. सबंध आठवड्याचा माल कचऱ्यात गेला.

आज सुट्टी होती, खोली पक्की बंद केली. खिडकीच्या फटींत रबर ठोकलं, वर चिकटपट्टी मारली. दाराखाली गोणपाट. पंख्यानं बाहेरची हवा आत येते म्हणून पंखा बंद. दुपारी ओतून बघितलं, काचेसारखी गाडी निघाली. टूलरूमचं डोकं घरी कामाला आलं याचा आनंद झाला.

डब्यावर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलंय. मोकळ्या हवेत वापरा, तोंडाला अमुक लावा. असं सगळ्यावरच लिहिलेलं असतं, ब्लीचिंग पावडरवरसुद्धा असतं. आमच्याकडे ओतशाळेत माणसं उघड्या धुरात जन्म काढतात. तरी मंजूला सांगितलं, स्कूटीवर जाताना बांधतेस तसा तोंडाला स्कार्फ बांधत जा. लगेच बांधला. डोळे तेवढे दिसतात. दरोडेखोर दिसतेस म्हणालो.

१० जुलै

मंजूला खोकला. सगळ्या पुंडलिकनगरला खोकला आहे, रस्ते खोदून ठेवलेत, चिखल वाळला की धूळ आणि पाऊस आला की चिखल. आईनं ज्येष्ठमध आणि अडुळसा सुरू केला.

घासायच्या कामाला हाताखाली सत्यशीलाला घेतलं होतं. मागच्या गल्लीत राहते, नवरा बिभीषण मेंढ्या घेऊन अर्धं वर्ष बाहेर असतो. चांगली कामसू बाई. पण आठवडाभरातच आली आणि आईला म्हणाली, "मावशी, मला नाय जमायचं. डोळे चुरचुरायलेत अन् छातीवर कुणी बसल्यावानी होतं. मी मेंढरामागं परवडले." आई तिच्या पाठीमागं म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. बसून खायचं काम बी जड झालं लोकांना." मंजू म्हणाली, राहू द्या, मी एकटी करीन. तिला कुणी वाटेकरी नकोच होता असं मला वाटतं.

२७ जुलै

पंचमीसाठी विश्वजीत तिला न्यायला आला. विश्वजीत म्हणजे मंजूचा धाकटा भाऊ. माहेर वेरूळच्या अलीकडं, शेतात घर. आत्ता नेमका माल अडलेला, पण पंचमीला लेकीला अडवलं तर सासरे नानासाहेब बोलत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि ते जास्त लागतं. जा म्हणालो. निघताना तिला जिना उतरता उतरता धाप लागली. विश्वजीत म्हणाला, "दाजी, लई वाळली ही." मी म्हणालो, तुमच्याकडं खाऊन येऊ दे.

१ ऑगस्ट

फोन केला. मागं बायकांचा गलका. मंजू झोक्यावर होती. खोकला? "कुठला खोकला?" म्हणाली. "काल रातभर गाणी म्हणलीत आम्ही, घसा बसला तेवढा." तिचा आवाज असा मोकळा कितीतरी दिवसांनी ऐकला. मलाच एकटं वाटलं. घर खायला उठतं म्हणतात ते खरं आहे.

६ ऑगस्ट

परवा आली, काल वर बसली, आज खोकला. संध्याकाळी कणीक मळता मळता ओट्याला धरून उभी राहिली. शीळ वाजल्यासारखा श्वास.

आई माझ्याशी हळू आवाजात बोलत नाही, मंजूला ऐकू जावं अशाच बेतानं बोलते. "माहेरी ठणठणीत, इथं आली की खोकला. आम्ही बी सासरवास केलाय. पंचमीहून आलं की आठ दिवस पोटात दुखायचंच बायकांच्या. मला नको शिकवू."

मी आईला गप्प केलं. पण मनात पाल चुकचुकली हे इथं लिहायला हरकत नाही. खरं लिहायचं ठरलंय.

४ सप्टेंबर

महालक्ष्म्या झाल्या. तीन दिवस वरची खोली बंद होती. मंजू खाली सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी, सगळ्यांत पुढं. स्वयंपाकघरात तळणाचा धूर असा की माझेच डोळे भरून आले. ही त्यात पहाटेपासून उभी आणि एक ठसका नाही. तिसऱ्या दिवशी तर झिम्मा खेळली.

आज वर गेली आणि तासाभरात सुरू.

मी चिडलो. धुरात खोकला येत नाही आणि स्वच्छ बंद खोलीत बसलं की येतो, हे काय? म्हणालो, "कामाचा कंटाळा आला आसंल तर सरळ सांग."

ती म्हणाली, "कंटाळा आसता तर तवाच सोडलं आसतं. वर गेलं की छाती आवळती, खरंच."

"जिना चढल्यानं."

"तसं आसंल," म्हणाली. रक्त कमी असणार. उद्या लोहाच्या गोळ्या आणतो. माझं चिडणं चुकलंच, पण नोव्हेंबर डोक्यावर आहे.

९ सप्टेंबर

टोमाशचा निरोप. प्रती उत्तम आहेत, मेळ्यात लोक वाट बघतायत, वगैरे. शेवटी विचारलंय, तुमच्याकडे खोलीतली हवा बाहेर खेचायची सोय आहे ना? मंजुषा श्वासासाठीचा मुखवटा वापरते ना? परदेशी लोकांना फार नाजूकपणा. टेबलावर हजारो माणसं मारतात आणि इथल्या हवेची काळजी करतात. मी लिहिलं, सगळी व्यवस्था आहे. स्कार्फ आहेच.

१५ सप्टेंबर

आज छातीच्या डॉक्टरकडं नेलं. आई बरोबर आली. सुनेला एकट्या नवऱ्यानं दवाखान्यात नेलं की गल्लीत भलत्या चर्चा होतात असं तिचं म्हणणं.

डॉक्टर वयस्कर, शांत. नळीत फुंकायला लावलं. विचारलं, काय काम करतात? मी म्हणालो, घरीच असते. खोटं काही नाही त्यात. घरात रंग, केमिकल असं काही? नाही म्हणालो. केमिकल म्हणजे कंपनीतलं, आपलं खेळण्यांचं काम. आणि धंद्याची अजून कुठं नोंद नाही, उगीच कुणाच्या कागदावर कशाला यायचं.

मग त्यांनी मंजूलाच विचारलं, "कुठं गेल्यावर बरं वाटतं का? गावाला, माहेरी? नीट आठवून सांगा."

मंजूनं आईकडं पाहिलं. आई समोरच्या भिंतीवरचं फुफ्फुसाचं चित्र बघत होती. मंजू म्हणाली, "नाय, सगळीकडं सारखंच."

"नक्की?"

"व्हय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सासूसमोर 'माहेरी बरी असते' असं तिऱ्हाइताला सांगायचं म्हणजे सासर वाईट म्हटल्यासारखंच. एका वाक्यात घराची अब्रू गेली असती. शहाणी आहे माझी बायको. रिक्षात आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

दम्याचं निदान. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायला दिलाय.

२८ सप्टेंबर

यंदा पाऊस थांबायलाच तयार नाही. खोलीची पट्टी दोनदा बदलली.

पंपावरून घरात वाद. आई म्हणते एकदा पंप लागला की मेल्यावरच सुटतो, तिच्या चुलत भावाचं तसंच झालं. मलाही वाटतं सवय नको लागायला. अगदीच नाही जमलं तर घ्यायचा, असं ठरलं. मंजू ऐकते. तो ब्लाउजमध्ये खोचून ठेवते आणि शक्यतो काढत नाही.

मध्ये एकदा म्हणालो, दे सोडून, मी सुट्टीच्या दिवशी ओतीन. तिचे डोळे भरले. "माझं काम नका बंद करू. आजवर मला कुणी विचारलं का, तुझा हात कसा आहे म्हणून?" मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तिच्यासाठीच चाललंय हे, असं स्वतःला समजावलं.

११ ऑक्टोबर

मंजू आज पहिल्यांदाच म्हणाली की तिला त्या खोलीची भीती वाटते. मी हसण्यावारी नेलं, भूत आहे का? ती हसली नाही. म्हणाली, "मला दिवाळीच्या आधीच माहेरी जाऊ द्या. चार दिस. मग येऊन सगळं करते."

दिवाळीच्या आधी पेट्या निघायच्या आहेत. म्हणालो, भाऊबीजेला जा, हवं तर महिनाभर राहा, तेवढा माल हातावेगळा कर. "बरं," म्हणाली.

भीतीचं आईच्या कानावर गेलं. तिनं मंजूवरून नारळ उतरवला, दाराला लिंबू-मिरची बांधायला लावली आणि निखाऱ्यावर ऊद घालून वर पाठवला. बंद खोलीत ऊदाचा धूर चांगला कोंडला. मंजूला आत बसवेना, दारातच बसली. बाधा असेल तर निघेल असं आई म्हणते. माझा विश्वास नाही, पण आईचं मन मोडवत नाही.

१६ ऑक्टोबर

हॉस्पिटलमध्ये आहे. जालना रोडवरचं. दुपारी कंपनीत फोन आला. संस्कृती शाळेतून आल्यावर वर गेली तर मंजू जिन्याच्या पायरीवर बसलेली, ओठ निळे, बोलता येईना. पंप हातात होता, संपलेला. म्हणजे ती आमच्या नकळत ओढत होती. शेजारच्यांनी रिक्षात घालून आणलं. आता काचेमागं आहे. तोंडात नळी. छाती मशीन हलवतंय.

देवा, तिचा श्वास मला दे नाहीतर माझा तिला दे. दुसरं काही सुचत नाही.

१७ ऑक्टोबर

नानासाहेब आणि विश्वजीत आले. नानासाहेब काचेला हात लावून उभे राहिले, माझ्याशी बोलले नाहीत.

इथली डॉक्टर तरुण बाई आहे. सगळ्यांना एकत्र उभं करून विचारत होती. दम्याची माणसं पुष्कळ येतात, पण एवढा जोराचा झटका, या वयात, घरात कुणाला नसताना, का? विश्वजीत सहज बोलून गेला, "आमच्याकडं आली की चार दिवसांत ठणठणीत व्हती, मॅडम. पंचमीला रातभर नाचली."

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. "आणि परत आल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी खोकला," मी म्हणालो.

"नेहमी असंच?"

"व्हय."

"मग तिथं नाही असं इथं काय आहे?"

आई खुर्चीत बसली होती, ती म्हणाली, "सासर. दुसरं काय?"

डॉक्टरनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "घरात काय काम चालतं?"

मी सांगितलं. गाडी, साचा, दोन डबे, पाऊस, चिकटपट्टी. सांगता सांगता माझंच मला ऐकू यायला लागलं. ती म्हणाली डबा घेऊन या. मी रिक्षानं जाऊन आणला. तिनं ते बारीक अक्षर वाचलं आणि डबा लगेच बाहेर न्यायला सांगितला. म्हणाली, यातल्या एका द्रव्याची काहींना अशी बाधा होते की पुढं त्याचा कणसुद्धा सहन होत नाही. ती त्या खोलीपासून लांब राहिली असती तर इथं आलीच नसती. आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं का? त्यांनी विचारलं नाही?

विचारलं होतं.

१९ ऑक्टोबर

नळी काढली. श्वास घेते आहे. बोलत नाही, हातानं पाणी मागते. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं.

कपडे न्यायला घरी गेलो तर आई दिसेना. वरून आवाज आला. गुडघे धरत धरत गच्चीवर चढली होती. खोलीच्या दारात बसलेली, पदर नाकाला, डोळ्यांतून पाणी.

"मला दोन मिनिटं आत उभं राहवलं नाय गोकुळ. तिला तू हितं दुपार-दुपार कसं बसवलंस?"

मी म्हणालो, "तूच म्हणत होतीस नाटक करती म्हणून."

"मी खाली बसून म्हणत होते. तू वर येऊन बघत होतास."

तिला धरून एकेक पायरी खाली आणलं.

२५ ऑक्टोबर

मंजूला सोडलं. पण आमच्या घरी नाही, थेट माहेरी. डॉक्टरनं तसं सांगितलं आणि नानासाहेब गाडी घेऊनच आले होते. संस्कृतीही गेली. दिवाळीत आमच्या दारात पणती लावायला आईनं नको म्हटलं.

टोमाशना कळवलं, जमेल तसं. त्यांनी लगेच ऑर्डर सोडून दिली. एवढंच विचारलं, मंजुषा आता कशी आहे?

१५ नोव्हेंबर

तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी, आणि परवापासून रजा काढून, एकच काम केलं. डबे, साचे, उरलेल्या गाड्या, सगळं गोणपाटात बांधून भंगारात न देता नीट विल्हेवाट लावणाऱ्याकडं दिलं. खिडक्या उघडल्या, पट्ट्या ओरबाडल्या. फरशी घासली, भिंतीचा रंग खरवडला, धुळीचं एक पोतं निघालं. पुन्हा चुना मारला. आज सकाळी शेवटचा हात फिरवला. आता त्या खोलीत तान्हं लेकरू झोपवावं अशी झाली आहे. उद्या वेरूळला जातो आणि तिला घेऊन येतो. आईनं लाडू केलेत. मंजू तिला आत्या म्हणते. म्हणाली, "तिला सांग, आत्यानं बोलावलंय."

१६ नोव्हेंबर

कन्नडच्या बसनं गेलो. थंडी चांगली पडली आहे. मंजू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अंगावर थोडं भरलंय. गालांवर रंग आलाय. मला पाहून उठली, पदर सावरला. संस्कृती पळत येऊन मिठीत शिरली. माझ्या अंगात कालचंच स्वेटर होतं, खोली घासताना घातलेलं. दुसरं ऊबदार नाही.

मंजू पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आली. "बरे आहात?" म्हणाली, आणि तांब्या हातात द्यायच्या आत तिला ठसका लागला. मग दुसरा. मग तीच शीळ. तांब्या खाली पडला. सासूबाई गीताबाई धावत पंप घेऊन आल्या. विश्वजीतनं संस्कृतीला माझ्या कुशीतून ओढून घेतलं आणि मला म्हणाला, "दाजी, मागं सरा. आणखी मागं. गोठ्यापाशी जावा."

मी गोठ्यापाशी गेलो. तिथून बघत राहिलो. हळूहळू तिचा श्वास बसला. मध्ये अख्खं अंगण होतं.

नानासाहेबांनी मला विहिरीवर नेलं. मोटार चालू करून दिली आणि बाजूला तोंड करून उभे राहिले. साबण लावून तीनदा आंघोळ केली, डोक्यावरून. त्यांचं धोतर आणि बंडी घातली. माझे कपडे गीताबाईंनी काठीनं उचलून पिशवीत घातले आणि पिशवी कुंपणाला टांगली.

मग मंजूच्या शेजारी बसू दिलं. तिला काही झालं नाही. मला रडू आलं. मी तिला खोलीचं सांगितलं, चुना, खिडक्या, सगळं. आईचा निरोप सांगितला, लाडू दिले. म्हणालो, चल घरी.

तिनं माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "लई वाळलात," म्हणाली. "तुम्ही येत जावा. असंच, आंघोळ करून. मी हितं आहे."

"आणि घरी?"

"घरी नाय."

तिनं एवढ्या सरळ कधी कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. जेवायला तिनंच वाढलं, वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी. बाहेर ऊन उतरायला लागलं तेव्हा नानासाहेब म्हणाले, "जावई, शेवटची बस."

त्यांचे कपडे परत करायचे होते. कुंपणाच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला बाभळीआड मी माझे कपडे चढवले आणि धोतर-बंडी घडी करून कुंपणावर ठेवली. मंजू दारातून बघत होती. हात हलवला, जवळ आली नाही.

बसमध्ये स्वेटरच्या बाहीला नाक लावून पाहिलं. कॉलरला लावून पाहिलं. शहर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मला कसलाच वास येत नाही.